फुगलेल्या शिरांची तपासणी उभं राहूनच करून घ्या : पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

मी कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत मशीन शॉपला आहे, गेली २१ वर्षं. व्हॉल्व्हच्या बॉड्या बोअर करायच्या आणि शेवटी टेस्टिंग बेंचवर पाण्याचं प्रेशर लावून त्या गळतात का ते बघायचं, हे माझं काम. दिवसाचे आठ तास उभ्यानं. एवढं असून माझ्या स्वतःच्या डाव्या पायातले व्हॉल्व्ह गळतायत हे कळायला मला अडीच वर्षं लागली. कारण पहिली तपासणी बिनप्रेशरची झाली होती. ती भानगड पुढे सांगतोच.

मी डॉक्टर नाही. कुठल्या गोळ्या घ्या हे माझ्याकडून कळणार नाही. पण कुठल्या टेबलावर काय विचारायचं, काय बरोबर न्यायचं आणि कुठं फसायला होतं, तेवढं ओळीनं लिहितो.

१. आधी 'शीर' या शब्दाचा घोळ मिटवा

आपल्याकडे शीर म्हणजे सगळंच. पोटरीत गोळा आला की आई म्हणते, "शिरेवर शीर चढलीया, तेल चोळ." तो स्नायूचा गोळा असतो. शेजारचे काका म्हणतात, "कमरेत शीर दबलीया." तो मज्जातंतू. आणि पायावर जी निळसर, गांडुळासारखी वळवळत गेलेली दिसते ती तिसरीच. शाळेच्या पुस्तकात तिला नीला म्हणायचे, म्हणजे अशुद्ध रक्त हृदयाकडं परत नेणारी वाहिनी. डॉक्टर तिला व्हेन म्हणतात आणि ती फुगली की व्हेरिकोज व्हेन.

मी पहिल्यांदा डॉक्टरांपुढं बसून "डाव्या पायाची शीर दुखते" एवढंच म्हणालो, तेही फुलपँट न काढता. कमरेचा एक्स-रे काढून परत आलो. चूक माझीच.

त्यापेक्षा असं सांगा: कधी दुखतं, कशानं थांबतं. सकाळी पाय हलका, संध्याकाळी शिशासारखा जड, मोज्याच्या रबराचा वळ उमटतो आणि पाय उशीवर टाकला की बरं वाटतं, असं असेल तर नीलेचा संशय घ्यायला जागा आहे. थोडं चाललं की पोटरी धरते आणि उभं राहिलं की दोन मिनिटांत सुटते, हे शुद्ध रक्ताच्या रोहिणीचं लक्षण. त्याचा उपचार निराळा. कमरेतून कळ निघून पावलापर्यंत जाते, बसल्यावरही जाते, तर मणक्याकडं बघा. दोन्ही पाय सारखेच सुजत असतील तर हृदय, किडनी किंवा नुसती बीपीची गोळीसुद्धा कारण असते. अ‍ॅम्लोडिपिनानं घोटे सुजतात हे मला भावाच्या पायावरून कळलं.

२. पायात नेमकं काय बिघडतं

शेतीपंप ज्यानं चालवलाय त्याला हे दोन मिनिटांत कळेल. पंचगंगेतून पाणी उपसताना पाइपाच्या तळाला फूटव्हॉल्व्ह असतो. पाणी वर जाऊ देतो, खाली येऊ देत नाही. तो गळायला लागला की मोटर बंद केली रे केली, सगळं पाणी परत नदीत. पायाच्या नीलांमध्ये असे पातळ, दोन पाकळ्यांचे व्हॉल्व्ह ठरावीक अंतरावर असतात. मोटर म्हणजे पोटरीचा स्नायू. चालताना तो आवळला की रक्त वर ढकललं जातं, सैल पडला की व्हॉल्व्ह मिटतो.

नुसतं स्तब्ध उभं राहिलं की घोट्यापाशी नीलेतला दाब पाऱ्याच्या ८० ते ९० मिलिमीटरपर्यंत जातो. चालायला लागलं की तोच दाब २० ते ३० पर्यंत उतरतो, पण व्हॉल्व्ह धड असतील तरच. गळके असतील तर रक्ताचा सगळा खांब खालच्या भिंतींवर बसतो, त्या ताणल्या जातात, फुगतात. फुगल्यामुळं पाकळ्या एकमेकींपासून लांब जातात आणि खालचा पुढचा व्हॉल्व्हही निकामी होतो.

व्हॉल्व्ह खरंच असतात का, हे हातावर बघता येतं. हात खाली सोडा, मनगटाच्या वरची एक ठळक नीला निवडा. एका बोटानं ती दाबून धरा आणि दुसऱ्या बोटानं तिथून कोपराच्या दिशेनं रक्त निपटा. वरचं बोट उचला. नीला एका गाठीपर्यंत वरून भरते आणि तिथंच थांबते, खालचा तुकडा रिकामाच राहतो. ती गाठ म्हणजे व्हॉल्व्ह. विल्यम हार्वे नावाच्या इंग्रज वैद्यानं १६२८ मध्ये रक्त शरीरात फिरतं हे मांडताना हाच प्रयोग दाखवला होता. मी तो जेवणाच्या सुट्टीत कँटीनला सगळ्यांना करून दाखवलाय. सुपरवायझरसुद्धा बाही वर करून बसला होता.

पायात नीलांचे दोन मजले आहेत. कातडीखालच्या वरवरच्या आणि स्नायूंच्या आतल्या खोल. दोन्हींना जोडणाऱ्या आडव्या नीलांना परफोरेटर म्हणतात. वरवरच्यांत दोन नावं लक्षात ठेवा, रिपोर्टभर तीच दिसतात. ग्रेट सॅफेनस ही शरीरातली सगळ्यांत लांब नीला. आतल्या घोट्याच्या पुढून निघते, मांडीच्या आतल्या बाजूनं चढते आणि जांघेत खोल नीलेला मिळते. स्मॉल सॅफेनस बाहेरच्या घोट्याच्या मागून निघून पोटरीच्या मध्यानं गुडघ्यामागं जाते. म्हणून गाठी पोटरीवर दिसल्या तरी गळका व्हॉल्व्ह बरेचदा जांघेत असतो. पाणी पायथ्याला साचलंय म्हणून पायथा खणत बसण्यात अर्थ नाही.

३. घरी आरशापुढं उभं राहा, आपला पाय कितव्या पायरीवर आहे बघा

उजेडात, हाफपँटीवर, पाच मिनिटं उभं राहून. डॉक्टरांकडं याची ० ते ६ अशी मोजपट्टी असते, तिला सीईएपी म्हणतात.

१ म्हणजे कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक लाल-निळ्या रेषा, त्या बहुतेक वेळा दिसायलाच वाईट. २ म्हणजे उभं राहिल्यावर ३ मिलिमीटर किंवा त्याहून जाड फुगलेल्या नीला. ३ ला सूज येते. ४ ला घोट्याच्या वर कातडी तपकिरी-काळपट पडते, खाजते, पुढं टणक होते. ५ म्हणजे भरून आलेली जखम, ६ म्हणजे उघडी जखम.

काळपट डाग आणि खाज यांना नायटा समजून मेडिकलमधून ट्यूब आणणारे मी ढिगानं बघितलेत. त्यांतला एक मीच. डाग आतल्या घोट्याच्या वर असेल आणि त्याच पायावर गाठी असतील तर ट्यूब ठेवून द्या. ४ पर्यंत गेलेल्या पायानं आणखी वाट बघू नये.

४. हे दिसलं तर पुढचं वाचत बसू नका

एकच पाय अचानक सुजला, पोटरी दुखते, गरम लागते: खोल नीलेत गुठळी असू शकते. डीव्हीटी म्हणतात ती. लांबचा प्रवास, ऑपरेशन, प्लास्टर, बाळंतपण यांनंतर तर जास्तच. अशी पोटरी चोळायची नाही, कुणाला चोळू द्यायची नाही. तालमीतल्या वस्तादांचा हात कितीही चांगला असला तरी नाही. गुठळी सुटून फुप्फुसात गेली तर जीव जातो. सोबत धाप, छातीत कळ, खोकल्यातून रक्त असेल तर १०८ ला फोन करा.

दुसरं, गाठ फुटून रक्त. अंघोळीच्या गरम पाण्यात हे जास्त होतं, आणि चिळकांडी उडाली की घरातले घाबरून मांडीला फडकं आवळून बांधतात. ते करू नका, रक्त वाढतं. जमिनीवर आडवं व्हा, पाय खुर्चीवर उंच टाका, स्वच्छ कापडाची घडी नेमक्या जागेवर १० मिनिटं दाबून धरा. मधे उचलून बघू नका. थांबतं. मग त्याच दिवशी दवाखाना गाठा.

५. कुणाकडं जायचं, काय न्यायचं

सुरुवात आपल्या फॅमिली डॉक्टरांपासून किंवा जनरल सर्जनकडून करा. याचे खास डॉक्टर म्हणजे व्हॅस्क्युलर सर्जन. नीलांची लेझर करणारे रेडिओलॉजिस्टही असतात, त्यांना इंटरव्हेन्शनल म्हणतात. सरकारीत जायचं तर सीपीआर, म्हणजे आपलं छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय. सकाळी लवकर केस पेपर काढून सर्जरीच्या ओपीडीला बसायचं.

पिशवीत हे असू द्या:

- आधार कार्ड, रेशन कार्ड, ईएसआय असेल तर त्याचं कार्ड, विमा असेल तर पॉलिसीची प्रत
- जुने सगळे रिपोर्ट, डॉपलरच्या (नीलांच्या सोनोग्राफीच्या) फोटोंसकट
- चालू गोळ्यांची पाकिटं, विशेषतः रक्त पातळ करणाऱ्या, बीपीच्या आणि कुटुंबनियोजनाच्या
- मोबाइलवर संध्याकाळी काढलेला पायाचा फोटो
- हाफपँट. बायकांनी सैल परकर किंवा गाऊन

फोटोचं महत्त्व सकाळच्या ओपीडीत कळतं. रात्रभर आडवा झालेला पाय सकाळी दहाला अगदी शहाण्यासारखा दिसतो.

६. डॉपलर: इथं माझी अडीच वर्षं गेली

डॉपलर म्हणजे सोनोग्राफीच. जेल लावून प्रोब फिरवतात, सुई नाही, किरण नाहीत. फरक एवढाच की ती वाहणाऱ्या रक्ताची दिशा आणि वेगही दाखवते. पडद्यावर लाल-निळे रंग येतात. लाल म्हणजे शुद्ध आणि निळं म्हणजे अशुद्ध असं समजू नका, मी समजलो होतो. एक रंग प्रोबकडं येणाऱ्या रक्ताचा, दुसरा लांब जाणाऱ्याचा.

आता ती भानगड. पहिल्या वेळी माझ्या चिठ्ठीवर फक्त 'डीव्हीटी आहे का बघा' अशा अर्थाची एक ओळ होती. सेंटरवर मला झोपवलं, जांघेपासून खाली प्रोबनं जागोजागी दाबून बघितलं, दहा मिनिटांत झालं. रिपोर्ट आला: डीव्हीटी नाही. मी त्याचा अर्थ लावला, शिरा नॉर्मल. घरी पेढे वाटायचेच बाकी होते. गाठी वाढत गेल्या तरी मी प्रत्येकाला तोच कागद दाखवत राहिलो.

त्या तपासणीत खोटं काहीच नव्हतं. गुठळी बघायला झोपवून दाबतात. चांगली नीला प्रोबच्या दाबानं चपटी होते, गुठळी असलेली होत नाही. पण व्हॉल्व्ह गळतो का हे बघायचं तर रक्ताचा खांब उभा पाहिजे. झोपलेल्या माणसाच्या नीलेत प्रेशरच नाही. बेंचवर कोरडी बॉडी ठेवून 'लीक नाही' असा शिक्का मी मारला असता तर दुसऱ्या दिवशी नोकरी गेली असती, आणि स्वतःच्या पायाला मी तोच शिक्का अडीच वर्षं चालवून घेतला.

दुसऱ्या वेळी मला लाकडी स्टुलावर उभं केलं. सगळा भार उजव्या पायावर, डावा पाय सैल आणि जरा बाहेर वळवलेला, हात भिंतीच्या दांडीला. डॉक्टरांनी प्रोब जांघेत धरला आणि दुसऱ्या हातानं पोटरी पिळून सोडली. पिळल्यावर फुस्स असा आवाज, रक्त वर. सोडल्यावर गप्प व्हायला पाहिजे होतं. झालं नाही. उलटा आवाज लांबत गेला, पडद्यावरचा रंग पालटला आणि पालटलेलाच राहिला. मला समजावून सांगायची गरजच पडली नाही. तो आवाज मी रोज ऐकतो.

म्हणून चिठ्ठी घेतानाच विचारा: "गुठळीसाठी आहे की रिफ्लक्ससाठी? उभं करून बघणार ना?" रिफ्लक्स म्हणजे उलटा प्रवाह. चिठ्ठीवर दोन्ही पाय लिहून घ्या. सेंटरवर अपॉइंटमेंट घेतानाही परत विचारा, कारण उभ्याची तपासणी जास्त वेळ खाते आणि गर्दीच्या दिवशी ती उरकली जाण्याचा धोका असतो. शक्यतो दुपारनंतरची वेळ घ्या. भरपूर पाणी पिऊन, नाश्ता करूनच जा. उभ्यानं चक्कर येणारे असतात. आली तर लगेच सांगा, लाजू नका.

सीटी किंवा एमआर व्हेनोग्राफी, म्हणजे स्कॅन करून नीलांचं चित्र काढणं, प्रत्येकाला लागत नाही. अडथळा पोटात असल्याचा संशय असेल तर करतात. डाव्या पायाकडून येणारी मोठी नीला ओटीपोटात उजव्या रोहिणीखालून जाते आणि काहींची तिथं दाबली जाते, म्हणून डाव्या पायाला असे त्रास जास्त.

७. रिपोर्टचा कागद कसा वाचायचा

कॉम्प्रेसिबल लिहिलं असेल तर चांगलं, नीला दबते. फेजिक म्हणजे श्वासाबरोबर प्रवाह बदलतो, तेही चांगलं. एसएफजे म्हणजे जांघेतला सांधा, जिथं ग्रेट सॅफेनस खोल नीलेला मिळते. एसपीजे म्हणजे गुडघ्यामागचा. त्यांच्यापुढं इनकॉम्पिटंट लिहिलं असेल तर तो व्हॉल्व्ह गळका. वरवरच्या नीलेत उलटा प्रवाह अर्ध्या सेकंदाहून जास्त टिकला तर रिफ्लक्स धरतात. नुसता 'रिफ्लक्स आहे' असा शेरा असेल, कुठल्या नीलेत, किती सेकंद, नीलेची जाडी किती मिलिमीटर हे नसेल, तर तिथल्या तिथं भरून मागा.

आणि एक जीवघेणा सापळा. 'सुपरफिशियल फेमोरल व्हेन' हे नाव जुन्या पद्धतीच्या रिपोर्टात अजून दिसतं. सुपरफिशियल म्हणजे वरवरची, पण ही नीला खोल आहे. नावातच चूक होती, म्हणून आता तिला नुसतं फेमोरल व्हेन म्हणतात. तिच्यात गुठळी लिहिली असेल तर ती डीव्हीटीच. "वरवरची आहे, बघू पुढच्या आठवड्यात" म्हणू नका.

८. स्टॉकिंग: घेतात सगळे, घालतात थोडे

लेझर करा न करा, हा मोजा बहुतेकांच्या वाट्याला येतो. घोट्याशी सगळ्यांत घट्ट आणि वर सैल होत जाणारा. क्लास २ चा दाब २३ ते ३२ मिलिमीटर पाऱ्याचा. माप सकाळी सूज नसताना द्यायचं: घोट्याच्या वरची सगळ्यांत बारीक जागा, पोटरीची सगळ्यांत जाड जागा, आणि टाचेपासून गुडघ्याखालपर्यंतची उंची. दुकानदार "मिडियम बसेल तुम्हाला" म्हणाला तर दुसऱ्या दुकानात जा.

घेण्याआधी डॉक्टरांना पायाची नाडी तपासायला सांगा. साखर असलेल्यांनी आणि तंबाखू-विडीवाल्यांनी तर हमखास. घोट्याच्या बीपीला दंडाच्या बीपीनं भागतात. उत्तर ०.८ च्या खाली आलं तर रोहिणीत अडथळा असू शकतो आणि घट्ट मोजा पायाला इजा करेल.

घालायचा अंथरुणातून उठण्यापूर्वी, झोपताना काढायचा. आधी आतून टाचेपर्यंत उलटा करायचा, पाऊल घालायचं, मग थोडा थोडा वर सरकवायचा. घरकामाचे रबरी हातमोजे घातले की पकड येते आणि नखानं विरत नाही. वरची कड दुमडायची नाही, तिथं फास बसतो. पहिल्या आठवड्यात मला रोज वीस मिनिटं लागायची आणि बायको दारात उभी राहून हसायची. बोटं उघडी राहणारा प्रकार घ्या. उन्हाळ्यात बरा पडतो, आणि अंगठ्याची कोल्हापुरी घालता येते. बंद बोटांच्या मोज्यावर ती चढत नाही, हे मला पैसे दिल्यावर कळलं. सहा महिन्यांनी मोजा सैल पडतो. बदला.

९. लेझर, फोम, ऑपरेशन: काय विचारायचं

लेझर आणि रेडिओफ्रिक्वेन्सी दोन्हींत गळकी नीला आतून उष्णतेनं बंद करतात. सोनोग्राफीवर बघत गुडघ्याच्या आसपास सुईनं आत शिरतात, नीलेभोवती भूल मिसळलेलं सलाइन भरतात आणि जांघेतल्या सांध्याच्या थोडं अलीकडून खालपर्यंत बंद करत येतात. फोममध्ये औषधाचा फेस टोचतात. जुनं ऑपरेशन म्हणजे जांघेत कापून नीला ओढून काढणं. ते चुकीचं नाही, पण आता बहुतेक ठिकाणी आधी उष्णतेची पद्धत विचारात घेतात.

"नीलाच बंद केली तर रक्त कुठनं जाणार?" हा प्रश्न माझ्या सासऱ्यांनी तीनदा विचारला. पायाचं बहुतेक रक्त खोल नीला नेतात, म्हणून तर त्या उघड्या आहेत ना हे आधी डॉपलरवर बघतात. हीच ग्रेट सॅफेनस काढून हृदयाच्या बायपासला वापरतात. माणूस तिच्याशिवाय चालतो.

हे विचारा: कुठली नीला बंद करणार? पोटरीवरच्या गाठी त्याच दिवशी काढणार की नंतर? लेझरचा फायबर नवा आहे ना? तो एकदाच वापरायचा असतो. आणि पुन्हा डॉपलर कधी? पायाच्या आतल्या बाजूला काही दिवस बधिरपणा राहू शकतो. मांडीत दोरी ताणल्यासारखं आठ-पंधरा दिवस वाटतं. क्वचित गुठळी होते, म्हणूनच नंतरची डॉपलर चुकवायची नाही. गरोदर बाईला सहसा यांतलं काही करत नाहीत. मोजा देतात आणि बाळंतपणानंतर काही महिन्यांनी परत बघतात, कारण बऱ्याच गाठी आपोआप बसतात.

जळवा, मंतरलेलं तेल आणि 'बिनऑपरेशन २१ दिवसांत शिरा गायब' या पाट्यांबद्दल एवढंच: फाटलेली पाकळी तेलानं शिवली जात नाही.

१०. पैशाचं

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेसाठी रुग्णालयात आरोग्यमित्राचं टेबल असतं. तुमची नेमकी प्रक्रिया यादीत आहे का आणि त्या रुग्णालयाला ती मंजूर आहे का, हे दोन्ही भरती होण्याआधी विचारा. विमा असेल तर व्हेरिकोज व्हेन्सना बहुतेक पॉलिसींत पहिली दोन वर्षं थांबावं लागतं. माझी २३ महिन्यांची होती. पायाची पायरी बघून डॉक्टर म्हणाले, मोजा घालून दीड महिना थांबायला हरकत नाही, म्हणून थांबलो. कोटेशन एकरकमी घेऊ नका. फायबर, भूल, खोली, मोजा, नंतरची डॉपलर वेगवेगळी लिहून घ्या.

११. कामावर परतल्यावर

लेझरच्या दिवशीच मला चालवलं. चार दिवसांनी रंकाळ्याला एक फेरी, मग रोज. कामावर मशीनची सायकल चालू असते तेवढ्यात मी टाचा उचलतो, वीसदा. पोरांनी आधी टिंगल केली, आता तिघं करतात. पलंगाच्या पायथ्याला दोन विटा ठेवल्यात, साधारण १५ सेंटिमीटर उंची येते. उशीपेक्षा बरं, उशी रात्रीत निसटते.

उजव्या पायाची उभ्याची डॉपलर परवा झाली. गुडघ्याखाली ०.७ सेकंद. डॉक्टर म्हणाले आत्ता मोजा, वर्षानं परत. तारीख मशीनच्या मेंटेनन्स कार्डावरच लिहून ठेवलीय, ते रोज नजरेखालून जातं.